आश्रमशाळेत गोळी देताय? आधी वजन, मग वही

रात्री दहाला वसतिगृहात मुलाला ताप चढला, तर गोळी कोण देते? किनवट प्रकल्पातली आश्रमशाळा असो की राज्यातली दुसरी कुठली, बहुतेक वेळा अधीक्षक किंवा अधीक्षिकाच. डॉक्टर काही रात्रभर तिथे बसलेले नसतात.

चूक होते ती इथेच. मुलांना पॅरासिटामॉल वजनावर द्यायचे असते : एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला फार तर ३००. कपाटात मात्र गोळी ५०० ची. ती अख्खी दिली आणि तासाभराने दुसऱ्या कुणी, आधीचे माहीत नसल्याने, पुन्हा दिली तर? जास्तीच्या मात्रेने यकृताला इजा होते.

लोहाच्या गोळ्यांचेही तसेच. पाच ते नऊ वर्षांसाठी गुलाबी, १० ते १९ साठी निळी. आठवड्यातून एक, जेवणानंतर. पहिली ते दहावी एकाच छताखाली, त्यामुळे गल्लत सहज होते. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या मुलाला तर ही गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

दोष अधीक्षकांचा नाही. त्यांना हे शिकवले कुणी? धान्याची किलोकिलोने नोंद ठेवायची आणि औषधाची नाही, हे पटत नाही. प्रकल्प कार्यालयाने प्रत्येक वसतिगृहाला वजनकाटा, कुलपाचे कपाट आणि एक वही द्यावी. वहीत मुलाचे नाव, वजन, औषध, मात्रा, वेळ, सही. सही मुलाने गोळी गिळल्यावर लगेच. सकाळी एकदम सगळ्या नकोत.