पडद्यावरचा आणि घरातला ‘कबीर’

२०१९ साली ‘कबीर सिंग’ पाहताना कुणी शिट्ट्या वाजवल्या, कुणी अस्वस्थ झाले. ज्या घरात असा माणूस असतो, त्या घरच्यांना तो पडद्यावरही बघवत नाही. सिनेमातला हा सर्जन नशेत शस्त्रक्रिया करतो, प्रेयसीच्या थोबाडीत मारतो; शेवटी दारू सुटते आणि सगळे गोड होते. प्रत्यक्षात रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत थरथर, झटके, भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. मारहाण मात्र गुन्हाच. ‘माझ्या प्रेमाने तो सुधारेल’ या आशेवर कुणी आयुष्य काढू नये. व्यसनासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६, मारहाण झाल्यास महिलांसाठीचा १८१ क्रमांक फिरवावा.