पहिला फलंदाज : पळणारा की पोचणारा?

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या मुलींचा सॉफ्टबॉल संघ स्पर्धेला न्यायचा होता. क्रीडाशिक्षक रजेवर होते, म्हणून जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. मी उर्दू-मराठी शिकवणारा माणूस. फलंदाजीचा क्रम लावताना सरळ हिशेब केला : शंभर मीटरमध्ये पहिली येणारी मुलगी पहिल्या क्रमांकावर, आणि पळायला सगळ्यांत मंद असलेली नवव्या. सामन्यात माझी धावपटू तिन्ही वेळा वाईट चेंडूंच्या मागे बॅट फिरवून आउट झाली. नववी मात्र दोन्ही वेळा चेंडू सोडत शांत उभी राहिली आणि दोन्ही वेळा चालत पहिल्या बेसवर गेली. आम्ही एका धावेने हरलो. परतताना तिने विचारलं, "सर, चालत गेलेलं मोजतात का?" मी म्हणालो, "नाही बेटा, त्याला हिट म्हणत नाहीत." उत्तर नियमाने बरोबर होतं, पण शिक्षकाने द्यावं असं नव्हतं.

तेव्हापासून सॉफ्टबॉलच्या थोरल्या भावाबद्दल, अमेरिकेच्या बेसबॉलबद्दल, वाचत गेलो. कळलं की माझी चूक तिथल्या नावाजलेल्या जाणकारांनीही वर्षानुवर्षं केली आहे.

क्रिकेट पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडं सांगतो. बेसबॉलमध्ये नऊ डाव असतात आणि प्रत्येक डावात तीन आउट. म्हणजे संघाची सगळी पुंजी २७ आउट. पिचरने टाकलेला चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर गेला आणि फलंदाजाने तो सोडला, की तो पिचरच्या खात्यावर 'बॉल' म्हणून लागतो. असे चार झाले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. याला वॉक म्हणतात. फलंदाजीच्या सरासरीत वॉक धरत नाहीत. हिट, वॉक आणि चेंडू अंगाला लागून मिळालेला बेस, हे सगळं धरून काढतात ते ऑन-बेस पर्सेंटेज, म्हणजे बेसवर पोचण्याचं प्रमाण.

आता पहिला फलंदाज. डावाची सुरुवात तो खात्रीने करतो ती सामन्यात एकदाच. पण १६२ सामन्यांच्या हंगामात क्रम एकेकाने खाली गेला, की साधारण १८ संधी कमी होतात. संघात सर्वांत जास्त वेळा बॅट हातात घेणारा माणूस हाच. मग त्याचं पहिलं काम कोणतं? माझं मत स्पष्ट आहे : आउट न होणं. पळणं त्याच्यानंतर.

१९८५ सालच्या दोन फलंदाजांकडे पाहा. सेंट लुइस कार्डिनल्सच्या विन्स कोलमनने ११० बेस चोरले आणि १०७ धावा केल्या. न्यूयॉर्क यांकीजच्या रिकी हेंडरसनने ८० बेस चोरले, पण धावा केल्या १४६, त्याही कमी सामन्यांत. शंभरातून कोलमन ३२ वेळा बेसवर पोचत होता, हेंडरसन जवळजवळ ४२ वेळा. हे खरं, की हेंडरसनने त्या वर्षी २४ होमरन मारले आणि त्याच्या मागे डॉन मॅटिंगलीसारखा फलंदाज होता. हेही खरं, की कोलमनचा संघ त्याच वर्षी वर्ल्ड सीरिजपर्यंत गेला. वेगाला किंमत नाही असं मी म्हणत नाही. पण वेग हा गुणक आहे, आणि शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच उरतं. पहिला बेस चोरता येत नाही, तिथे पोचावंच लागतं.

उलट बाजूने बोस्टनचा वेड बॉग्ज पाहा. अठरा हंगामांत त्याने चोरलेले बेस फक्त २४. तरीही तो अनेकदा पहिल्या क्रमांकावर खेळला, कारण १९८८ मध्ये शंभरातून ४७ वेळा तो बेसवर होता.

सर्वांत जास्त खटकते ती टिम रेन्सची गोष्ट. मॉन्ट्रियलकडून नाव कमावलेला हा पहिल्या क्रमांकाचा फलंदाज. त्याच्या नावावर २,६०५ हिट आणि १,३३० वॉक. त्याच्याच काळातल्या टोनी ग्विनचे ३,१४१ हिट आणि ७९० वॉक. चेंडू अंगाला लागून मिळालेले बेस मिळवले तर रेन्स ३,९७७ वेळा बेसवर पोचला, ग्विन ३,९५५ वेळा. शिवाय रेन्सने ८०८ बेस चोरले. ग्विन २००७ मध्ये पहिल्याच फेरीत हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि तो त्याच्या लायक होताच. रेन्सला पुढच्या वर्षी चौथा हिस्सा मतंही मिळाली नाहीत. तो निवडून आला २०१७ मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या संधीला. मत देणाऱ्या पत्रकारांनी मारलेले चेंडू मोजले, सोडलेले मोजले नाहीत.

दोन्ही गोष्टी एकाच माणसात पाहायच्या तर पुन्हा हेंडरसनकडेच यावं लागतं. १,४०६ चोरलेल्या बेसांचा त्याचा विक्रम सर्वांना माहीत असतो. पण तो गुडघ्यांत इतका वाकून उभा राहायचा की पिचरला चौकट सापडू नये, आणि त्याने २,१९० वॉक मिळवले. २,२९५ धावांचा विक्रम त्यातूनच उभा राहिला. त्याच्या पायांची भीती मोठी होती, कारण तो सतत बेसवर असायचा.

आपल्याकडे सब्र म्हटलं की गप्प बसून सहन करणं, असा अर्थ घेतला जातो. चांगला पहिला फलंदाज पाहिला की दुसरा अर्थ कळतो. ताशी नव्वद मैलांनी येणारा चेंडू आपला नाही हे अर्ध्या सेकंदाच्या आत ओळखायचं आणि हात आवरायचा. यात आळस नाही, यात निर्णय आहे.

ती मुलगी आता शाळेत नाही. भेटली तर तिला सांगेन : मोजतात, बेटा. मोजायलाच हवं होतं. आणि पहिल्या क्रमांकावर तूच हवी होतीस.