जखम टेबलावरची, बोल वॉर्डाला

गोष्ट १९९६ सालची. एका मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात मी सिस्टर होते. त्या दिवशी आमच्या टेबलावर एक निवृत्त शिक्षक होते. वय पासष्टच्या आसपास, मधुमेह जुना, अंगाने काटकुळे. पोटातली गाठ काढायची होती. सकाळी नऊला भूल दिली आणि शेवटचा टाका पडला तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. सर्जन खूश, आम्हीही खूश. तिसऱ्या दिवशी वॉर्डात त्यांचे अंग पुसताना माकडहाडाच्या वर तळहाताएवढा डाग दिसला. शाई सांडावी तसा, जांभळट काळा. आठवड्याभरात तिथली कातडी गेली आणि खाली खड्डा उघडा पडला.

चौकशी झाली. कुणी म्हणाले, कॉटरीचा चटका असेल. पण कॉटरीची प्लेट तर मांडीला लावलेली होती. मग सगळ्यांची बोटे वॉर्डाकडे वळली. रात्रपाळीच्या सिस्टरने दर दोन तासांनी कूस बदलली नसणार, असा निष्कर्ष निघाला आणि तिला मेमो मिळाला. कूस बदलली होती, चार्टवर वेळा लिहिल्या आहेत, असे ती बिचारी रडत रडत सांगत होती. चार्ट काय, मागाहूनही भरता येतो, असे मेट्रन म्हणाल्या. मी तिथेच उभी होते आणि गप्प होते, कारण मलाही तसेच वाटत होते. टेबलावर बेडसोअर होतो, हे आम्हाला कुणी शिकवलेच नव्हते.

तो डाग माझ्या टेबलावर पडला होता, हे कळायला मला पुढची बरीच वर्षे लागली.

पंगतीत मांडी घालून अर्धा तास बसलो की पायाला मुंग्या येतात आणि आपण नकळत बूड हलवतो. रात्री गाढ झोपेतही माणूस कितीदा तरी कूस बदलतो. शरीराची ही राखण अहोरात्र चालू असते. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबले गेले की तिथल्या केसासारख्या रक्तवाहिन्या मिटतात. रक्त पोचेनासे झाले की शरीर कळ पाठवते आणि आपण हलतो. भूल दिली की कळही नाही आणि हालचालही नाही. कंबरेत इंजेक्शन देऊन खालचे अंग बधिर केले, तर तेवढ्या भागापुरते तेच घडते. त्यातच रक्तदाब उतरलेला असतो, थंड खोलीत अंग गार पडलेले असते, आणि रक्तदाब सावरायला दिलेली काही औषधेही रक्तवाहिन्या आवळणारी असतात. तीन तासांच्या पुढे शस्त्रक्रिया लांबली की धोका वाढत जातो. आमच्या गुरुजींचे सात तास झाले होते.

खरी मेख पुढेच आहे. दाबाचा पहिला घाव कातडीवर बसत नाही. रक्ताची जास्त गरज असते ती स्नायूला, म्हणून हाडालगतचा स्नायू आधी मरतो आणि वरची कातडी शाबूत राहते. टेबलावरून उतरवताना पाठ स्वच्छ दिसते आणि डाग वर येतो तो साधारण ४८ ते ७२ तासांनी. तोवर रुग्ण वॉर्डात गेलेला असतो. ज्याच्या दारात सापडला तो चोर, असा हा न्याय!

या न्यायाला परंपरा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ सालच्या आपल्या पुस्तकात असे बजावले होते की, बेडसोअरचा दोष आजाराला देऊ नये, तो बहुधा शुश्रूषेचा असतो. त्या काळी ते योग्यच होते, पण तेव्हा सात सात तासांच्या शस्त्रक्रिया कुठे होत होत्या? शब्दानेही घोटाळा केला. बेडसोअर म्हणा की शय्याव्रण म्हणा, कानावर पडते ती खाटच. अमेरिकेतल्या या विषयाच्या सल्लागार मंडळाने २०१६ साली या जखमेचे नाव बदलून 'प्रेशर इंज्युरी' म्हणजे दाबजखम असे केले. मला ते नाव पटते. दाब कुठेही पडू शकतो, खाटेवर, खुर्चीत, तसा टेबलावरही.

आमच्या टेबलावर तो कसा पडत होता, हे आठवले की आज अंगावर काटा येतो. टेबलाची रेक्झिनची गादी वापरून वापरून बसलेली. खाली हात घालून दाबले तर फळी लागायची. त्यावर चादर, रबरी मॅकिनटॉश, पुन्हा आडवी चादर, तिला सुरकुत्या. थर जितके जास्त तितका गादीचा उपयोग कमी, हे आमच्या गावीही नव्हते. पोट रंगवताना आयोडीनचे औषध कुशीवरून ओघळून पाठीखाली साचायचे आणि ओल्या कातडीवर माणूस तासन्‌तास पडून राहायचा. एकदा तर रुग्णाला उचलल्यावर खाली सुईचे टोपण सापडले होते. त्याचा ठसा पाठीवर उमटलेला पाहून आम्ही हसलो होतो, हे लिहिताना लाज वाटते.

शस्त्रक्रिया संपल्यावर 'एक, दोन, तीन' म्हणत रुग्णाला ट्रॉलीवर ओढण्याची पद्धत तर सर्रास. ओढताना कातडी चादरीला चिकटून मागे राहते आणि हाड पुढे सरकते. मधल्या मध्ये रक्तवाहिन्या ताणल्या जातात, पिळवटतात. उचलायला चार माणसे हवीत, किंवा खाली सरकपट्टी हवी. लहान नर्सिंग होममध्ये एक वॉर्डबॉय, एक मावशी आणि वेळ पडली तर स्वतः डॉक्टर, एवढेच मनुष्यबळ असते. पण सरकपट्टी काही मोठ्या खर्चाची वस्तू नव्हे.

टाचांची कथा वेगळीच. आम्ही रबरी हातमोज्यात पाणी भरून तो टाचेखाली ठेवायचो आणि केवढी काळजी घेतली म्हणून समाधानी व्हायचो. त्याने टाच वाचत नाही. कमरेखाली ठेवायची ती गोल कडी तर दाब कडेने गोळा करते. दोन्ही आता त्याज्य ठरले आहेत. टाचेखाली काही ठेवायचेच नाही. पोटरीखाली सबंध लांबीची उशी द्यायची, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा, आणि टाच अधांतरी. या उपायाला किती खर्च येतो? एका उशीचा! मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्ण पालथा असतो, तेव्हा कपाळ, हनुवटी, छाती, गुडघे यांची पाळी येते. २०२०-२१ च्या कोविडकाळात अतिदक्षता विभागात पालथे झोपवलेल्या कित्येक रुग्णांच्या चेहऱ्यावर अशाच जखमा झाल्या.

सगळ्याच दाबजखमा टाळता येतात, असा माझा दावा नाही. अपघातातला रुग्ण, रक्तदाब हाताशी नाही, जीव वाचवायचा की टाच, असा प्रसंग आला तर टाच जाऊ द्यावीच लागते. पण ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत 'जीव वाचला ना, मग एका फोडाचे काय घेऊन बसलात?' असे म्हणणाऱ्यांनी आमच्या गुरुजींना नंतर पाहायला हवे होते. ते पुढचे चार महिने खुर्चीवर बसू शकले नाहीत. पोटाचा टाका दहा दिवसांत भरला. पाठीचे ड्रेसिंग मात्र त्यांच्या पत्नी घरी रोज करीत राहिल्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ बाबींची तपासणी यादी दिली. त्या कामाचे नेतृत्व केले डॉ. अतुल गवांदे यांनी, ज्यांचे घराणे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. नाव, बाजू, ॲलर्जी, सुया आणि बोळे यांची मोजणी, सारे त्या यादीत आहे. रुग्णाच्या कातडीबद्दलचा प्रश्न नाही. मात्र आपल्या गरजेप्रमाणे यादीत भर घाला, असे तीच यादी सांगते. मग घालावी की भर! माझी मागणी एका ओळीची आहे. टेबलावर घेण्यापूर्वी आणि वॉर्डाच्या ताब्यात देताना देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही सिस्टरांनी मिळून रुग्णाची पाठ आणि टाचा पाहाव्यात, किती तास कोणत्या स्थितीत ठेवले ते लिहावे, आणि दोघींनी सही करावी. पुढचे तीन दिवस वॉर्डाने तेवढ्याच जागा रोज पाहाव्यात. मेमोच्या धाकाने फक्त लपवाछपवी होते. डाग दिसताच पहिला विचार जर 'आता माझ्यावर येणार' हा असेल, तर तो डाग चादरीखालीच राहणार.

नातेवाइकांनाही यात काम आहे. इंग्रजी पुस्तकांत लिहिलेले असते की लाली दिसली तर सावध व्हा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच कुठे? तेव्हा हात लावून पाहावे. आजूबाजूपेक्षा जागा गरम किंवा गार लागते का, घट्ट किंवा पिलपिलीत लागते का, ते पाहावे. 'काहीतरी टोचतंय गं' असे आजोबा म्हणाले तर ती कुरकुर समजू नये, पाठ उघडून पाहावी. आणि खोबरेल तेल, स्पिरिट, पावडर घेऊन ती जागा चोळू नये. आत मरू घातलेले मांस चोळण्याने आणखी फाटते. आम्हीच एकेकाळी चोळायला शिकवत होतो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

निवृत्त झाल्यावर मी त्या रात्रपाळीच्या सिस्टरचा पत्ता काढून तिच्या घरी गेले. सारे सांगितले. ती चहा ओतता ओतता थांबली. "अहो सिस्टर, मी त्यांना दर दोन तासांनी वळवत होते. मला माहीत होतं ना. पण मग झालं कशानं, हे मलाच कळत नव्हतं. नंतर नंतर वाटायला लागलं, एखाद्या रात्री माझा डोळा लागला असेल."

तो मेमो तिच्या सर्व्हिस बुकात शेवटपर्यंत तसाच होता.