देशमुख, पण कुठले?

लातूरच्या ऑफिसात मेल लिहिताना नुसतं ‘देशमुख’ टाइप करून बघा. नांदेडात ‘चव्हाण’. १९९९मध्ये विलासराव, २००८मध्ये अशोकराव मुख्यमंत्री झाले. अॅड्रेस बुकमध्येही याच आडनावांचं बहुमत! त्यात चव्हाणचं इंग्रजी स्पेलिंग चौघांचं चार तऱ्हेचं. घाईत पहिल्याच नावावर एंटर मारला, की पगाराची फाइल भलत्याच देशमुखांकडे. फंडा सोपा आहे, बॉस. जीमेलमध्ये कॉन्टॅक्ट सेव्ह करतानाच नावापुढे गाव आणि काम जोडा: ‘देशमुख औसा सीए’. मग नुसतं ‘औसा’ टाइप केलं तरी माणूस हजर! शिवाय ‘अनडू सेंड’ची मुदत ३० सेकंदांवर ठेवा. आपल्याकडे आडनाव कळलं की पुढचा प्रश्न ‘कुठले?’ असतोच. कॉम्प्युटरलाही तेवढंच सांगून ठेवायचं.