तलावाची वही

२०१८च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरवणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही जलाशय तळाला गेले आणि शहर टँकरवर आले. पाच वर्षांनी, २२ जुलै २०२३ रोजी, याच जिल्ह्यात इतका पाऊस कोसळला की महागाव तालुक्यातल्या आनंदनगरमध्ये अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. दोन्ही वेळी आपली चर्चा बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरली: पाणी किती? पहिल्या खेपेला ते कमी होते म्हणून दुसऱ्या धरणातून, बेंबळ्यातून, जलवाहिनीने आणण्याची धडपड झाली. दुसऱ्या खेपेला ते जास्त होते म्हणून पंचनामे झाले. तलाव आतून कसा आहे, त्याचा तळ दरवर्षी किती वर येतो, पाण्याचा रंग कोणत्या महिन्यात बदलतो, कोणते मासे दिसेनासे झाले, या गोष्टी कुणाच्याच हिशेबात नव्हत्या. जिल्ह्यातल्या तलावांचे खरे दुखणे इथेच आहे असे मला वाटते. त्यांची रोजची नोंद ठेवणारा माणूस गावात नाही, आणि तो घडवणे हेच इथल्या जलशिक्षणाचे पहिले काम असायला हवे.

असा माणूस का नाही, याचे उत्तर इतिहासात आहे. विदर्भातले तलाव म्हटले की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे मालगुजारी तलाव डोळ्यांपुढे येतात. कोहळी समाजाने ते बांधले, पाळ राखली, पाण्याच्या पाळ्या ठरवल्या. नवेगावबांध हे त्या कसबाचे सर्वांत मोठे उदाहरण. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकाऱ्यालाही तलावाचे बारकावे तिथल्या जाणत्या पाटलांकडून आणि मासेमार ढिवरांकडूनच समजून घ्यावेसे वाटले. १९५१मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि देखभालीची जुनी घडी विस्कटत गेली. पण मोडायला तिथे निदान घडी होती. यवतमाळ वऱ्हाडात, इथे मुख्यतः रयतवारी. आज जिल्ह्यात दिसणारे बहुतेक पाझर तलाव, लघुसिंचन तलाव आणि मोठी धरणे गेल्या पन्नास-साठ वर्षांतली, म्हणजे १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे किंवा नंतरची, सरकारी पैशाने झालेली आहेत. लहान तलाव जिल्हा परिषदेचे, त्याहून मोठे मृद व जलसंधारण विभागाचे, आणखी मोठे जलसंपदा विभागाचे. त्यामुळे ‘हा तलाव कुणाचा?’ असे विचारले की ‘सरकारचा’ हे उत्तर अगदी खरे असते. गावाने तो बांधला नाही आणि राखायलाही कुणी गावाला सांगितले नाही.

कायदाही इथे फारसा मदतीला येत नाही. पाणथळ जागांसाठी केंद्राने २०१७मध्ये नियम केले. त्यांतल्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. यवतमाळचे जवळजवळ सगळेच तलाव या वगळलेल्या यादीत मोडतात. केंद्राने केलेल्या देशातल्या पहिल्या जलसाठे गणनेत २४ लाख २४ हजार ५४० जलसाठे मोजले गेले, त्यांत महाराष्ट्रातले ९७ हजारांहून अधिक. मोजणी झाली हे चांगलेच. पण मोजलेल्या प्रत्येक साठ्याला या नियमांचे छत्र मिळाले, असा त्याचा अर्थ नाही. यावर कुणी म्हणेल की माणसाने बांधलेल्या धरणाला निसर्गाचे मोल कसले? नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ, गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळेच तयार झाले. यवतमाळ आणि हिंगोलीच्या सीमेवरचे इसापूर हे पैनगंगेवरचे सिंचनाचे धरण, आणि त्याच जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. भिंत सरकारने बांधली असली तरी तिच्यामागे उथळ काठ तयार झाला, काठावर गवत आले, गवतात मासळीची पिल्ले वाढली आणि त्यांच्यामागे पक्षी आले. पट्टकादंब हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो, तेव्हा पाणी कोणत्या योजनेतून अडवले आहे हे तो पाहत नाही.

आता गाळाकडे येऊ, कारण या जिल्ह्यात तलावाचा नाश गाळाच्या वाटेने होतो. यवतमाळचा बराच भाग चढउतारांचा आहे. बेसाल्टवरच्या पातळ काळ्या मातीत कापूस, तूर, सोयाबीन उताराला धरून पेरले की पहिल्या मोठ्या पावसात शेताचा वरचा थर ओढ्यातून थेट तलावात उतरतो. तलाव उथळ होतो हे सर्वांना दिसते. न दिसणारी गोष्ट अशी की शेतात टाकलेल्या खतातले स्फुरद मातीच्या कणांना चिकटून त्याच पाण्याबरोबर आत येते. उथळ पाणी एप्रिलमध्ये लवकर तापते, स्फुरद तयारच असते, आणि पाण्यावर हिरवा-निळसर तवंग धरतो. हे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री पाण्यातला प्राणवायू तेच शोषून घेते. पहाटे मासे मेलेले दिसतात आणि गावात विषप्रयोगाची कुजबुज सुरू होते. फवारणीचा पंप तलावावर धुतला जात असेल, तर ती कुजबुज अगदीच खोटीही नसते. २०१७च्या हंगामात फवारणीची विषबाधा होऊन या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसाच्या अंगात इतके भिनणारे द्रव्य पाण्यात गेले की तिथल्या जिवांचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर खते आणि औषधे वापरून पीक घेतले, तर त्यांचा अंश पुढच्या पावसात सरळ पाण्यातच मिसळतो.

मे २०१७मध्ये सुरू झालेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना मला मनापासून पटते, कारण वाहून आलेली माती ती पुन्हा शेतात नेते. पण जेसीबी लावला की तलाव वाचला, हा समज धोक्याचा आहे. वरच्या शिवारातले धुरे फुटलेले असतील, पेरणी उताराला आडवी होत नसेल, ओढ्याकाठचे गवत नांगरलेले असेल, तर काढलेली जागा काही पावसाळ्यांत पुन्हा भरते. शिवाय तळ सरसकट खरवडला की काठचा उथळ पट्टाही जातो, आणि मासळीची पैदास नेमकी तिथेच होते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर केलेले काम इथे शिकण्यासारखे आहे. त्यांनी तलावातली बेशरमाची झुडपे उपटली, तळ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, म्हणजे देशी माशांना खायला आणि अंडी घालायला जागा मिळाली. कोणती वनस्पती कुठे लावायची, हे ज्ञान मासेमारांकडेच होते. यवतमाळच्या भोई आणि ढिवर कुटुंबांकडेही ते असणार. आपण ते विचारायला हवे.

मग शिक्षणाने नेमके काय करायचे? महाराष्ट्रात नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे, त्याचे पाठ्यपुस्तक आहे, मूल्यमापन आहे. अनेक शाळांपासून हाकेच्या अंतरावर तलावही आहे. या दोहोंना जोडणारी एक वही हवी. तिच्यात चार-पाच गोष्टी पुरेत: सांडव्याच्या किंवा विमोचक विहिरीच्या भिंतीवर रंगवलेल्या पट्टीवरची पातळी, पाण्याची पारदर्शकता, रंग आणि वास, काठावर आणि पाण्यात दिसलेले पक्षी, आणि मासेमारांच्या जाळ्यात त्या आठवड्यात काय आले. पारदर्शकता मोजायला २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती कुठे दिसेनाशी होते ते पाहायचे. अँजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५मध्ये ही पद्धत वापरली आणि आजही जगभर ती चालते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९७३पासून सामान्य नागरिक हीच तबकडी घेऊन आपापल्या तलावाची नोंद ठेवतात. एका वर्षाच्या आकड्याला फारशी किंमत नसते; दहा वर्षांचे आकडे हाती आले की तलाव सुधारतो आहे की बिघडतो आहे, यावर वाद उरत नाही. पत्र्याचा एक गोल, रंगाचा डबा आणि दोरी एवढाच काय तो खर्च. पावसाळ्यात तबकडी लवकर दिसेनाशी झाली तर दोष मातीचा, उन्हाळ्यात झाली तर बहुधा शेवाळाचा, हे दहावीच्या मुलीला समजले की वरच्या शेतातल्या धुऱ्याचा आणि खालच्या पाण्याचा संबंध तिला वेगळा शिकवावा लागणार नाही.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांचा असेल, आणि तो रास्त आहे. जनगणना, निवडणूक, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, यांत वर्ग आधीच मागे पडतो. त्यात तलाव कशाला? पण ही वही जादा काम म्हणून लादायची नाही. जलसुरक्षेच्या प्रकल्पासाठी मुले आज आंतरजालावरून चित्रे चिकटवतात, त्याच्या जागी ती यावी. खोल पाण्याजवळ मुलांनी जाऊ नये, ही पालकांची काळजीही खरी आहे. म्हणून तबकडी सोडायचे काम मासेमार संस्थेच्या नावेतून तिच्याच सभासदांनी करावे आणि मुलांनी काठावर राहून नोंद घ्यावी. त्यामुळे मासेमार आपोआप शिक्षकाच्या जागी येतील, आणि याचे मोल मला मोजमापापेक्षाही जास्त वाटते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर पोहोचले, तिथे पाणवनस्पती आणि पक्ष्यांची चिंता ही पोटभरल्यांची गोष्ट नाही का? मी याच्या नेमके उलट म्हणेन. कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या कुटुंबाला एका संरक्षित ओलिताचा आधार किती असतो, ते गावात कुणालाही विचारा. तो आधार गाळाने दरवर्षी थोडा थोडा घटतो आणि घटलेला कुणाच्या लक्षात येत नाही. केळापूर आणि झरी जामणी तालुक्यांतल्या अनेक गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे स्वच्छ भूपृष्ठजल म्हणजे हाडांचे आणि दातांचे आरोग्य. याच पट्ट्यात अनुसूचित क्षेत्रातली गावे आहेत. १९९६च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन अशा गावांतल्या पंचायत व्यवस्थेकडे सोपवले आहे, आणि वनहक्क कायदा पाण्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्क मान्य करतो. कोलाम आणि गोंड गावांनी हा अधिकार वापरायचा म्हटला, तर त्यांच्या हाती पहिले शस्त्र आपल्या तलावाची माहिती हेच असेल. मासेमारीचा ठेका कुणाला द्यायचा, गाळपेरीत काय पेरू द्यायचे, पाण्याची शेवटची पातळी किती राखायची, यांवर वही हाती असलेली ग्रामसभा वेगळ्या आवाजात बोलेल.

नोंदीचे दिवस ठरवायलाही फार विचार करावा लागत नाही. ग्रामसभा वर्षातून चार वेळा भरवण्याची आपल्याकडे प्रथा आहे, आणि ते चार दिवस तलावाच्या वर्षाशी चांगले जुळतात. २ ऑक्टोबरला पावसाळा सरत आलेला असतो. तेव्हा किती पाणी साठले ते कळेल. २६ जानेवारीला रब्बीच्या पाळ्या सुरू असतात आणि स्थलांतरित पक्षी मुक्कामाला असतात. १ मेला तळ उघडा पडू लागतो. गाळ किती आणि कुठे आहे ते उघड्या डोळ्यांनी दिसते आणि तो काढायला महिनाभर हाती असतो. १५ ऑगस्टला नवे पाणी आलेले असते आणि त्याबरोबर वरच्या शिवारातून काय आले, ते त्याच्या रंगावरून समजते. त्या त्या दिवशी शाळेतल्या एका मुलाने किंवा मुलीने ग्रामसभेसमोर उभे राहून वहीतले शेवटचे पान वाचून दाखवावे, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने ते आकडे इतिवृत्तात उतरवून घ्यावेत. येत्या २ ऑक्टोबरला निळोणा आणि चापडोहच्या आसपासच्या गावांतून हे सुरू करता येईल.