अडकलेलें भिंग

वनखात्याच्या किंवा १९४५ सालीं स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीच्या नोकरीनिमित्त ज्या कुटुंबांचें वास्तव्य पूर्वीच्या चांदा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत घडलें, त्यांपैकीं एखाद्याच्या पेटींत वडिलांचा वा आजोबांचा घडीचा कॅमेरा निघाला तर नवल नाहीं. तो उघडून पाहावा तों भिंगाभोंवतालचें अंतराच्या आंकड्यांचें कडें जागचें हालत नाहीं. घरांतील तरुण मंडळी जोर लावूं पाहतात. वडीलधारी मंडळी "राहूं द्या, शोभेची वस्तु आहे" म्हणून तो पुनः पेटींत ठेवतात. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग सोडून तिसरा धरणें इष्ट होय.

आधीं कारण समजून घेऊं. या भागांत उन्हाळ्यांत पारा ४७ अंशांच्या घरांत जातो, आणि त्यापाठोपाठ अरण्याचा दमट पावसाळा येतो. वंगण म्हणजे तेल आणि साबणासारखा घट्ट पदार्थ यांचें मिश्रण. उष्णतेनें व काळानें तेल निथळून जातें आणि आट्यांत केवळ चिकट साका उरतो. म्युनिकच्या आग्फा कारखान्याच्या 'इसोलेट' जातीच्या कॅमेऱ्यांत तर हा साका हिरवट होऊन सरसासारखा घट्ट बसतो. ही त्यांची जगभर ठाऊक असलेली व्याधि आहे. उलट, बडोद्यास तयार झालेल्या 'आग्फा क्लिक ३' सारख्या साध्या कॅमेऱ्यांत फोकस कायमचा ठरलेला असतो. तेथें फिरवावयाचें कडेंच नसतें, हें ध्यानांत ठेवावें.

आतां जोर कां लावूं नये तें पाहूं. इसोलेटच्या साध्या प्रकारांत तीन भिंगें असतात. पुढचें भिंग दुसऱ्याच्या घरांत आट्यांवर फिरतें, आणि तें पुढेंमागें सरकल्यानें जवळचें वा दूरचें दृश्य स्पष्ट होतें. पुढचें भिंग घट्ट बसलेलें असतां कडें पिळलें, तर दुसरें भिंगहि त्याबरोबर आपल्या जागेवरून सुटूं लागतें. कडें फिरूं लागलें म्हणून आनंद होतो. परंतु त्या क्षणापासून त्यावरील आंकडे खोटे ठरतात, आणि रिळांतील बाराही चित्रें पुसट येतात.

यास्तव प्रथम अंधाऱ्या खोलींत भात्याच्या आंत विजेची बत्ती धरून पाहावें. कोपऱ्यांतून उजेडाचे ठिपके दिसले तर भाता दुरुस्त करणें हें पहिलें काम. नंतर कड्याच्या कांठावरील तीन बारीक स्क्रू नेमक्या मापाच्या पेचकसानें ढिले करून कडें उचलावें. पुढचें व दुसरें भिंग एकत्र चिकटलेलें असतें; तें तसेंच डावीकडे फिरवून शटरमधून बाहेर काढावें. मग झाकणाच्या कांचेच्या बाटलींत, लायटरमध्यें घालतात त्या पेट्रोलांत, रात्रभर बुडवून ठेवावें. हें द्रव भडकणारें आहे. म्हणून खोलींत समई, चूल वा उदबत्ती नसावी, खिडकी उघडी असावी आणि मुलें दूर असावींत. बाहेर काढून पूर्ण वाळल्यावर रबराच्या दोन तुकड्यांत धरून दोन्ही हातांनीं सारखा दाब देऊन पिळावें. पक्कडीनें आवळूं नये; त्यानें पितळेचें घर लंबवर्तुळ होऊन अधिकच अडकतें. न सुटल्यास पुनः बुडवावें. तीनचार दिवस लागले तरी हरकत नाहीं.

सुटल्यावर आटे स्वच्छ पुसून नवें वंगण अगदीं बेतानें लावावें. अधिक झाल्यास तें उन्हाळ्यांत शटरच्या पात्यांवर पसरतें. दुसरें भिंग शटरमध्यें पूर्णपणें घट्ट बसवावें आणि पुढचें त्यांत हलकेंच फिरवून घालावें. मग फिल्मच्या जागीं ट्रेसिंग कागद ताणून शटर 'बी' वर उघडें धरावें आणि दूरच्या वस्तूचें प्रतिबिंब पाहावें. चंद्रपूरकरांस गच्चीवरून औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसत असल्यास त्या पुरेत. गडचिरोलीकडील मंडळींनीं समोरच्या डोंगराची कड घ्यावी. पुढचें भिंग फिरवीत प्रतिबिंब रेखीव होईल तेथें थांबावें, कडें अनंताच्या खुणेवर ठेवावें आणि तिन्ही स्क्रू आवळावे.

शटरचीं पातीं मात्र घरीं उघडूं नयेत. तें काम जाणत्या कारागिराचें. पावसाळा सुरू होण्यापूर्वीं कॅमेरा चामडी पिशवींतून अवश्य बाहेर काढावा, कारण चामडें ओल धरून ठेवतें आणि कांचेवर बुरशी येते. सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यांत तो सुरक्षित राहतो. १२० क्रमांकाची फिल्म आजहि मिळते. तेव्हां ज्या भिंगानें घरांतील वडील माणसांचीं चित्रें घेतलीं, त्यानेंच येत्या दिवाळींत नातवंडांचीं घेतां येतील.