कुर्तुब्यात मी रडणार नाही

मे महिन्याच्या सुट्टीत दोन दिवस कोर्डोब्याला, म्हणजे आपल्या कुर्तुब्याला जायचं ठरतंय. युरोपला पहिल्यांदाच. माद्रिदहून वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आत पोहोचता येतं. बेत कळताच सल्ले सुरू झाले. एक भाईजान म्हणाले, "सर, तिथं गुपचूप दोन रकात पढा. व्हिडिओही काढा."

मी ते करणार नाही. पहिल्या अब्दुर्रहमानने ७८५ साली बांधायला घेतलेली ती मशीद १२३६ पासून कॅथेड्रल आहे. तिथं मुस्लिमांना नमाजची परवानगी नाही. हे मलाही सलतं. पण दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळात घुसून कॅमेऱ्यासमोर हक्क गाजवणं चूक असेल, तर आपण केलं तरी ते चूकच.

आणि रडायचंच, तर फक्त कमानींसाठी का? इब्ने रुश्द याच शहरात ११२६ साली जन्मले. काजी, हकीम, तत्त्वज्ञ. त्यांची पुस्तकं जाळली गेली, त्यांना शहराबाहेर काढलं गेलं, ते मुस्लिम खलिफाच्या हुकमाने. युरोपने मात्र त्यांची भाषांतरं विद्यापीठांत शिकवली. गेलेल्या वैभवाचे मर्सिये आपण गातो आणि प्रश्न विचारणाऱ्या पोराला घरातच गप्प बसवतो!

माझा बेत साधा आहे. पहिल्या दिवशी तिकीट काढून ती वास्तू शांतपणे पाहायची. दुसऱ्या दिवशी जुन्या तटबंदीजवळच्या इब्ने रुश्दांच्या पुतळ्यापाशी बसायचं. परत आल्यावर वर्गात त्यांचा फोटो दाखवीन आणि विचारीन, यांना कोणी हाकललं?